गळवाला नमस्कार

गळवाला नमस्कार करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. देवाला करतात तसा, दोन्ही हात जोडून, डोळे मिटून. गळू माझं होतं. मानेवर, शर्टाची कॉलर जिथे घासते नेमकं तिथे. ते फुटलं तेव्हा मी मद्रासमधल्या माझ्या घरमालकांच्या ओट्यावर बसून विव्हळत होतो. खिशातून रुमाल काढला, तोंड वाकडं करून पू पुसला, तेवढ्यात खिडकीच्या गजांआडून दरडावणी आली, "तोंड वाकडें करूं नका! नमस्कार करा!"

"कुणाला?"

"त्या रुमालास. तुमच्यासाठीं मेले ते. नांव नाहीं, गांव नाहीं. त्या पुवांत लक्षावधि शिपाई पडले आहेत, आणि तुम्ही 'शी' म्हणून सांगतां?"

आणि खरोखरच त्यांनी गजांआड उभं राहून माझ्या त्या मळक्या रुमालाला नमस्कार केला. मग मीही केला. मद्रासमध्ये त्या काळी भाड्याची खोली मिळवायला मला किती उंबरे झिजवावे लागले होते हे ज्याला ठाऊक आहे, तो मला हसणार नाही.

हे सेतुमाधवराव. तंजावरकडचे मराठी. यांचे पूर्वज कोणे एके काळी फौजेबरोबर खाली उतरले आणि तिथलेच झाले. घरात मराठी, दारात तमिळ, कॉलेजात इंग्रजी अशा तीन भाषा ते बोलत आणि तिन्हींतून माणसाची उलटतपासणी घेत. एका मेडिकल कॉलेजात जंतुशास्त्राच्या विभागात ते विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शकातून जंतू दाखवण्याचं काम करत. उंच, वाळलेले, अंगावर पंचा आणि उपरणं, कपाळावर गोपीचंदन. मद्रासच्या तिरुवल्लिक्केणी भागात देवळाच्या तळ्यामागच्या एका गल्लीत त्यांचं घर होतं. गल्लीतले तमिळ लोक त्यांना रायर, म्हणजे राव, म्हणत आणि त्यांच्या दारावरून जरा भरभर चालत.

मी साताऱ्याचा. सरकारी हिशेबाच्या ऑफिसात बदली होऊन मद्रासला आलो तेव्हा कुणीतरी सांगितलं की, तळ्यामागे एक मराठी रायर आहेत, त्यांची माडी रिकामी आहे. मराठी म्हटल्यावर मला केवढा आनंद झाला! म्हटलं, आता 'या, बसा, चहा घ्या' होणार. फाटक ढकललं तर आतून आवाज आला, "तिथेंच उभें राहा!"

मी फाटकात उभा राहिलो. मग "दहा पावलं पुढे" अशा थाटाचा हुकूम आला आणि मला ओट्यापर्यंत येऊ देण्यात आलं. त्या ओट्याला तिकडे तिण्णै म्हणतात. रस्त्याच्या बाजूला, दाराच्या दोन्ही अंगांना, वाटसरूनेसुद्धा टेकावं म्हणून बांधलेला. इथल्या तिण्णैवर मात्र वाटसरू बसलेला मी कधी पाहिला नाही. खांबाजवळ बसायला सांगून ते स्वतः आतल्या खिडकीशी, गजांच्या पलीकडे उभे राहिले आणि सुरू झाले.

"आपला कीं परका?"

"अहो, मराठीच की मी."

"तें मीच ठरवीन. गांव?"

"सातारा."

"हं. आमचे लोक तिकडून निघाले. तुमचे मागें राहिले. कां राहिले?"

मग आजोबांचं आजोळ, गोत्र, कुलदैवत, देवी काढलेली आहे का, दंडावरचा वण दाखवा, खोकला येतो का, आणि शेवटी अचानक, "सांबार प्रथम कोणीं केलें?"

"इकडच्याच लोकांनी केलं असेल," मी म्हणालो.

गजांवरची बोटं पांढरी पडली. "तंजावरच्या राजवाड्यांत केलें! मराठ्यांनीं! हेंही ठाऊक नाहीं आणि मराठी म्हणून सांगतां?" मी उठायलाच लागलो होतो. पण का कोण जाणे, ते म्हणाले, "सरि. खोटें बोलणारा असतां तर हें शिकून आला असतां. एकटे आहांत ना? एकट्यासच देतों. मुलेंबाळें वेंडाम." सरि म्हणजे ठीक, आणि वेंडाम म्हणजे नको, एवढं तमिळ त्या दिवशी माझं पक्कं झालं. माझी बायको विमल बाळंतपणासाठी माहेरी होती, त्यामुळे त्या घटकेला मी एकटा होतो हे खरंच होतं. पुढचं पुढे बघू म्हणून मी गप्प बसलो.

जिन्याची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली नाही. पायरीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरले.

हळूहळू मला त्यांच्या संशयाचं शास्त्र कळायला लागलं. संध्याकाळी मी खांबाशी, ते गजांआड, अशी आमची बैठक असे. ते सांगत, "आपलें शरीर म्हणजे हेंच घर. कातडें हें फाटक. डोळ्यांचें पाणी, तोंडाची लाळ, ही तिण्णै. तिथें जंतू आला कीं त्या पाण्यांत असें कांहीं असतें कीं त्याची भिंतच विरघळते. तरीहि कोणी आंत शिरला, तर रक्तांतल्या पांढऱ्या पेशी. त्या जन्मतःच्या राखणदार. त्यांस कोणीं शिकविलेलें नाहीं. दुसरे आहेत, ते शिकून येतात, शत्रू पाहून त्याच्याच मापाचें हत्यार घडवितात. पण त्यांस दिवस लागतात. तोंपर्यंत हे अडाणीच उभे असतात दारांत."

"पण शिकवलं नाही तर त्यांना कळतं कसं, हा चोर म्हणून?"

"तेंच कोणास नीट कळलेलें नाहीं!" हे सांगताना त्यांना फार आनंद होई. "माझें मत विचाराल तर त्यांस चेहरा दिसत नाहीं. अंगरखा दिसतो. जंतूच्या अंगावर जें असतें तें आपल्या अंगावर कुठेंच नसतें. हात लावून पाहिलें कीं झालें. परका! गिळा! पण कांहीं जंतू लबाड. अंगावर गुळगुळीत शेंबडासारखें पांघरूण. राखणदार पकडायला जातो, हा निसटतो."

"मग?"

"मग रक्तांतलें पाणी त्याच्यावर चिकटतें. कोरडा भात घशाखालीं उतरत नाहीं, वर सार ओतलें कीं उतरतो ना? तसें. चिकटलें कीं गिळला!"

हे सगळं त्यांनी गल्लीला लावलं होतं. गवळी दारात गाय आणून समोर दूध काढी, तरी आधी त्याने चरवी उपडी करून दाखवायची. भाजीवाली टोपली उतरवी तेव्हा तिची वांगी बाजूला राहत आणि तिलाच विचारलं जाई, "काल कां आली नाहींस? घरीं कोणास ताप?" एकदा एक विम्याचा एजंट आला. रेशमी जिब्बा, केसांना तेल, बोलणं मधाळ. सेतुमाधवरावांनी गजांआडून मला डोळ्यांनी खुणावलं, गुळगुळीत! मग त्याच्यावर सार ओतायला सुरुवात झाली. गाव कोणतं, शेजारी कोण, त्या गावच्या देवळाचं तोंड कुठल्या दिशेला, पुजाऱ्याचं नाव काय. देवळाचं तोंड बिचाऱ्याने आधी पूर्वेला सांगितलं आणि मग पश्चिमेला. "चिकटलें!" सेतुमाधवराव ओरडले. तो छत्री विसरून गेला. ती छत्री तिण्णैच्या कोपऱ्यात तशीच पडून राहिली, कारण परक्याच्या वस्तूला हात कोण लावणार?

मलाही संशयाची सवय लागली. हा रोग संसर्गजन्य असावा. मी सेतुमाधवरावांवरच नजर ठेवू लागलो, आणि काय काय दिसायला लागलं!

एक म्हणजे, हा माणूस स्वतःच्या घरात पुढच्या दाराने कधी येत नसे. कॉलेजातून आला की मागच्या बोळातून परसात शिरायचा, कपडे काढून बादलीतल्या उकळत्या पाण्यात टाकायचा, विहिरीवर आंघोळ करायचा, आणि मग घरात. थंडी असो, पाऊस असो. कुणाला हात लावत नसे, कुणाच्या हातातून काही घेत नसे. गल्लीतली पोरं तिण्णैवर सागरगोटे खेळायला बसली की हा आतून काठी आपटायचा. कुणाच्या बारशाला नाही, जावळाला नाही. आणि दर सोमवारी सकाळी परसातल्या आरशापुढे उभं राहून, आ वासून, कापूस गुंडाळलेली काडी स्वतःच्या घशात घालायचा, ती एका काचेच्या नळीत बंद करायचा आणि कॉलेजात घेऊन जायचा. मी हे माडीच्या खिडकीतून पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातला चहा गार झाला.

समोरच्या घरात एक म्हातारी पाट्टी राहत असे. तमिळमध्ये पाट्टी म्हणजे आजी. तिला मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये या प्रकाराबद्दल विचारलं, तर तिने गालांवर हलकेच चापट्या मारून घेतल्या. "रायरांची मडी! असं कडक सोवळं आमच्या आचार्यांच्या घरीसुद्धा नाही हो!" सगळ्या गल्लीची हीच समजूत होती. मडी म्हणजे सोवळं. रायर सोवळ्यात असतात, म्हणून शिवत नाहीत, म्हणून पोरं नकोत, म्हणून मागचं दार. बायका त्यांच्या फाटकाला हात लावून नमस्कार करत. मला मात्र मनातून राग येई. म्हणजे आम्ही साताऱ्याचे काय ओवळे? मराठी मराठीला शिवत नाही?

फाल्गुनात विमलचं पत्र आलं. चिमी आठ-नऊ महिन्यांची झाली होती, सासऱ्यांना पेन्शन झाल्यावर ते धाकट्या मुलाकडे नागपूरला जायचे होते, आणि विमल चिमीला घेऊन भावाबरोबर मद्रासला यायला निघणार होती. मी उत्साहाने घर शोधायला लागलो. मुलंबाळं चालतील असं घर सापडलं ते थेट तांबरमला, आगगाडीने जायचं, पुढे चालायचं. संध्याकाळी मी तिथे पोचलो तेव्हा कोल्हेकुई चालू होती. मालक म्हणाला, साप असतात, पण बरेच गरीब असतात. तिथून परत आलो तो सरळ तिण्णैवर बसलो आणि सेतुमाधवरावांना सगळं खरं सांगून टाकलं.

ते गजांपासून एक पाऊल मागे सरले. मग म्हणाले, "मूल केवढें?"

"नऊ महिने."

"वेंडाम."

"अहो, पण जाऊ कुठे? बाळाला घेऊन सापांत राहू?"

"इथल्यापेक्षां बरें," ते म्हणाले. हे ऐकून माझं डोकंच फिरलं. मी उठलो आणि त्या माणसाला जे सुचेल ते बोललो. सोवळं, माणुसकी, राजवाडा, सांबार, सगळं काढलं. ते गजांना धरून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "एक महिना. त्याउपर तांबरम. आणि माझें ऐकावें लागेल. मूल शेवटच्या पायरीच्या खालीं येतां नये. परसांत नाहीं. विहिरीशीं नाहीं. माझ्या दाराशीं नाहीं. कबूल?"

काय करतो? कबूल म्हणालो. विमल यायच्या आदल्या दिवशी ऑफिसातून आलो तर माडीवर चुन्याचा आणि फिनेलचा असा वास कोंडलेला की डोळ्यांतून पाणी यावं. आमचा अजून पत्ता नाही आणि हा आमच्या नावाने फिनेल ओततो! तो अपमान मी दाताखाली धरून ठेवला.

सेंट्रल स्टेशनवर चिमीने मला पाहिलं आणि भोकाड पसरलं. तिचा काही दोष नव्हता, तिने बाप पाहिलाच नव्हता. ती हमालाला पाहून रडली, जटकावाल्याला, म्हणजे तिथल्या टांगेवाल्याला, पाहून रडली, फाटकात पाट्टी कौतुकाने पुढे आली तिला पाहून तर काळीनिळी झाली. विमल म्हणाली, "हल्ली असंच झालंय. परका माणूस दिसला की हिला कळतं कसं कोण जाणे."

गजांआडून हुं असा आवाज आला. सेतुमाधवरावांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं. "कोणीं शिकविलें नाहीं तिला," ते म्हणाले. "जन्मतःची राखणदार! बापासहि सोडिलें नाहीं! असें पाहिजे." आणि चिमीची नजर आपल्याकडे वळतेय असं दिसताच ते झटकन आत सरले.

विमलने दोन दिवस हे सगळं पाहिलं. किल्ली पायरीवर, बोलणं गजांआडून, मुलीला खाली आणायची बंदी. तिचा स्वभाव माझ्यासारखा मनात ठेवून झुरण्याचा नाही. "हा माणूस सोवळ्याचा नाही," ती म्हणाली. "सोवळ्याचा माणूस दुसऱ्यापासून जपतो. हा वेगळंच काहीतरी करतोय." मला ते पटलं नाही. मी पुन्हा रविवारी तांबरमला जाऊन आलो. महिना संपत आला होता.

वैशाखाचा तो काळ मद्रासमध्ये कत्तिरी म्हणून ओळखला जातो. तेव्हा उन्हात ठेवलेलं पाणी पिववत नाही आणि माणसं दुपारी फरशीवर उताणी पडून असतात. चिमीच्या अंगावर घामोळं उठलं, आणि मग डाव्या दंडावर एक गळू. आधी लाल ठिपका, मग लिंबाएवढं टरारलेलं. पोर हात हलवू देईना, अंग तापलं. रविवारची दुपार होती, आमच्या ओळखीचा डॉक्टर गावाला गेलेला. मी जिन्यावरून खाली ओरडलो. सेतुमाधवराव परसातून आले, नुकतीच आंघोळ झालेली, अंगावर ओला पंचा. जिन्यापासून चांगले पाच-सहा हात लांब उभे राहिले.

"लाल आहे?"

"हो."

"गरम? सुजलें? दुखतें?"

"हो हो हो!"

"चारी खुणा बरोबर. भिऊं नका. ती सूज जंतूची नव्हे, ती आपल्याच लोकांची गर्दी. रक्तवाहिन्यांतून फटी काढून येतात ते, म्हणून फुगतें, म्हणून तापतें. दुखवितात तेहि आपलेच. युद्ध आहे. दाबूं नका! दाबलें कीं जंतू आंत पसरतील. उकळलेल्या पाण्यांत फडकें पिळून शेक द्या. लाल रेघ वर चढते आहे कां? काखेंत गांठ आहे कां?"

"मला काही कळत नाही!" विमल माडीवरून म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "तुम्ही जंतू शिकवता ना? मग वर येऊन बघा की!"

"मी येणें नको."

"का?"

"सांगिटलें ना, नको म्हणून."

विमलने मग माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, चिमीला उचललं, आणि धाडधाड जिना उतरली. शेवटची पायरी ओलांडली. सेतुमाधवराव मागे सरले, ती पुढे. ते तिण्णैला अडखळून मटकन बसले, आणि विमलने रडणारी पोर त्यांच्या मांडीवर ठेवून दिली.

त्यांनी दोन्ही हात वर केले. पिस्तूल रोखल्यावर माणूस करतो तसे. "घ्या हिला! घ्या! घ्या म्हणतों ना!" असा त्यांचा आवाज चिरकला.

"धरा की तिला, पडेल ती!" विमल ओरडली.

चिमी खरंच कलंडली. तेव्हा त्यांनी तिला धरलं. मी तिला घ्यायला पुढे झालो. पण चिमीचं रडणं थांबलं होतं. जगातल्या यच्चयावत माणसांना पाहून भोकाड पसरणाऱ्या आमच्या पोरीने त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, त्यांचं जानवं मुठीत धरलं आणि तोंडात घातलं. ते ओढताना तिचा दंड त्यांच्या छातीवर दाबला गेला, आणि गळू फुटलं. त्यांच्या पांढऱ्या पंच्यावर, मांडीवर, सगळीकडे. चिमी एकदा किंचाळली आणि मग सुटल्यासारखी सैल पडली.

मी रुमाल घेऊन धावलो. ते म्हणाले, "थांबा." त्यांनी चिमीचे दोन्ही तळवे आपल्या हातात घेतले, एकमेकांना जुळवले आणि हळू म्हणाले, "नमस्कार कर, अंबू. तुझेच लोक हे."

चिमीचं नाव अंबू नव्हतं.

जखम त्यांनी स्वतः धुतली, उकळलेल्या पाण्याने, अगदी हलक्या हाताने. विमलने तिला मांडीवर घेतल्यावर ते जरा दूर जाऊन खांबाशी बसले. जिथे ते नेहमी मला बसवत, तिथे. आणि त्यांनी सांगितलं. अंबू त्यांची मुलगी. तीन वर्षांची. ते कॉलेजात तेव्हा घटसर्पाच्या जंतूंवर काम करत होते, रोज नळ्यांतून वाढवत होते. कोटाच्या खिशात तिच्यासाठी खडीसाखर ठेवायची सवय. एके दिवशी उशीर झाला म्हणून कोट अंगावर तसाच ठेवून पुढच्या दाराने घरी आले. ती धावत आली आणि तिने खिशात हात घातला.

"आठवडा झाला नाहीं," ते म्हणाले. "घसा बंद झाला. तिची आई त्याच दुःखांत मागाहून गेली."

मी म्हणालो, "पण ते कोटातूनच आलं कशावरून? तेव्हा गावात साथ असेल."

"होती. याच गल्लींत दोन मुलांस होता."

"मग?"

"मग काय? गल्लींतून आला असेल. कोटांतून आला असेल. माझ्या घशांत बसून राहिला असेल, मला कांहीं न करितां. कांहींच्या घशांत राहतो तसा. दर सोमवारीं तपासतों. कधीं सांपडला नाहीं. पण सांपडला नाहीं म्हणजे नाहींच, असें कोण सांगेल?" त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "या फाटकांतून कोणी आंत येऊन माझ्याजवळ बसूं नये म्हणून एवढें केलें. गल्ली मडी म्हणून सांगते. म्हणूं दे. अहो सातारवाले, या घरांत परका एकच आहे. तो गजांच्या आंत आहे."

फिनेलचा तो वास माझ्या नाकात पुन्हा आला. त्यांनी तो आमच्या नावाने ओतला नव्हता, स्वतःच्या नावाने ओतला होता. विमल डोळे पुसून म्हणाली, "चिमी परक्याकडे जात नाही. सख्ख्या बापाला बघून रडली ती. तुमच्याकडे बघून रडली का?"

"तिची तपासणी चुकली असेल. मोठमोठ्यांची चुकते."

"चुकली असेल तर उद्या रडेल. तुम्ही रोज येऊन विचारा तिला. ती रडली तर परत जा."

महिना संपला, त्यावर आणखी महिने गेले, तांबरमचं नाव कुणी काढलं नाही. रोज संध्याकाळी सेतुमाधवराव बोळातून येत, कपडे उकळत, विहिरीवर आंघोळ करत आणि मग जिन्याच्या तळाशी येऊन उभे राहत. वर पाहून अगदी गंभीरपणे विचारत, "आपला कीं परका?" चिमी कठड्याच्या गजांतून तोंड घालून काहीतरी बडबडे. "सरि," असं म्हणून ते पहिली पायरी चढत. सोमवारची घशातली काडी त्यांनी सोडली नाही. विमलनेही सोडा म्हटलं नाही.

एका संध्याकाळी चिमीच्या दाढा येत होत्या. सकाळपासून ती किरकिर करत होती, माझ्यावर, विमलवर, पाट्टीवर, पोळीवर. सेतुमाधवराव खाली येऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "आपला कीं परका?" चिमीने त्यांच्याकडे पाहिलं आणि मोठ्याने गळा काढला. मी वरून घाईने ओरडलो, "अहो, दाढा येताहेत! तुम्हाला बघून नाही!" पण ते ऐकायला थांबले नाहीत. "सरि," म्हणाले आणि मागे फिरले. जरा वेळाने परसात रहाटाचा आवाज आला, मग पाणी ओतल्याचा. एक बादली, मग दुसरी, मग आणखी.

विमलने चिमीला कडेवर घेतलं, तिच्या हिरड्यांना मध चोळला आणि तिला पुन्हा कठड्याशी आणून बसवलं. सेतुमाधवराव ओल्या केसांनी बोळ वळून आले. अंगावरून पाणी निथळत होतं. जिन्यापासून लांब, गळवाच्या दिवशी उभे होते तेवढ्याच अंतरावर थांबले आणि या वेळी नेहमीचा प्रश्न न विचारता नुसतं म्हणाले, "आतां?"

चिमीने हुंदका दिला, गजांतून हात बाहेर काढला आणि मूठ उघडमीट केली. ते पुढे आले आणि पहिली पायरी चढले.